वाद्यवृंदाविना कॉन्चेर्टो

१८४१ सालच्या नोव्हेंबरात शोपँची एक पियानोरचना प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'आलेग्रो द कॉन्सेर', क्रमांक ४६. शोपँच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. त्याची नॉक्टर्न, वॉल्ट्झ, पोलोनेझ यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या, त्यांचे सूर चित्रपटांतूनही कानांवर आले. ही रचना मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर राहिली. वाजवण्यास अतिशय अवघड आणि ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी काहीशी बोजड अशी तिची ख्याती आहे. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटते ते एका वेगळ्याच कारणाने. ही रचना मुळात एकट्या पियानोसाठी जन्माला आलेलीच नाही. एका मोठ्या वाद्यवृंदासह वाजवावयाच्या कॉन्चेर्टोचा तो पहिला खंड होता, असे मानण्यास सबळ आधार आहे. तो कॉन्चेर्टो कधीच पुरा झाला नाही. जे हाती उरले होते ते शोपँने दहा-एक वर्षांनी पुन्हा उघडले, वाद्यवृंदाचा सारा भाग आपल्या दोन हातांत घेतला आणि ते एकट्या वादकाच्या स्वाधीन केले.

परभणी जिल्ह्यात राहून पॅरिसच्या पियानोविषयी लिहिण्याचा हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. पियानो हे आपल्या लेखी बव्हंशी चित्रपटातले वाद्य. धनिकाच्या दिवाणखान्यात मेजवानी चाललेली असते, नायक त्या काळ्या चकचकीत पेटाऱ्यापुढे बसतो आणि दुसऱ्याच कोणाशी लग्न ठरलेल्या नायिकेकडे पाहत विरहगीत म्हणतो. आपला पियानोशी परिचय एवढाच. पण ज्यासाठी एखादी कलाकृती योजली तो प्रसंगच काळाने हिरावून नेला, तर त्या कलाकृतीचे काय करायचे, हा प्रश्न काही पॅरिसपुरता नाही. ज्यांनी ज्यांनी अपुऱ्या साधनांनिशी काही गायले, वाजवले वा लिहिले त्या सर्वांचा तो प्रश्न आहे; आणि साधनांच्या अपुरेपणाची ओळख मराठवाड्याला कोणी करून द्यावी लागत नाही.

प्रथम कॉन्चेर्टो म्हणजे काय ते पाहू. एका बाजूस पन्नास-साठ वादकांचा वृंद, दुसऱ्या बाजूस एकटा वादक. शोपँच्या काळच्या रूढ पद्धतीप्रमाणे आरंभी वृंदच बोलतो. पुढे ज्यांच्यावर सारी उभारणी व्हायची ते मुख्य स्वरविषय तो मांडून दाखवतो, आणि तोवर पियानोवादक हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेला असतो. मग वृंदाचा आवाज ओसरतो आणि एकटा वादक प्रवेश करतो. नाटकात नांदी होऊन, सूत्रधार बोलून गेल्यावर नायकाने रंगमंचावर यावे, तसा हा प्रवेश. त्यानंतर तेच विषय तो आपल्या परीने सांगतो, त्यांना वेलबुट्टी काढतो, कधी वृंदाशी संवाद करतो, कधी त्याच्यावर मात करतो. या रचनाप्रकाराचा सारा प्राण एक आणि अनेक यांच्यातील या ताणात आहे. वृंद हा केवळ साथीदार नसतो. वादक ज्यांच्यापुढे आणि ज्यांच्या वतीने बोलतो तो समाजच जणू त्याच्या पाठीशी बसलेला असतो.

शोपँने असे दोन कॉन्चेर्टो लिहिले, आणि दोन्ही विशीच्या उंबरठ्यावर, वॉर्सात. एक १७ मार्च १८३० रोजी तेथे जाहीरपणे वाजवला गेला, दुसरा त्याच वर्षीच्या ११ ऑक्टोबरला. त्या दुसऱ्या कार्यक्रमानंतर तीन आठवड्यांनी, २ नोव्हेंबर १८३० रोजी, त्याने वॉर्सा सोडले. तरुण वादकाने युरोपच्या मोठ्या शहरांत नाव मिळवून परत यावे, एवढाच त्या प्रवासाचा हेतू होता. पोलंड त्या वेळी स्वतंत्र देश नव्हता. शेजारच्या तीन सत्तांनी तो वाटून घेतला होता आणि वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. शोपँ निघून चार आठवडे होतात न होतात तोच, २९ नोव्हेंबरच्या रात्री, वॉर्सात उठाव झाला. त्याच्याबरोबर व्हिएन्नापर्यंत आलेला मित्र टायटस लढण्यासाठी परत फिरला. शोपँ मागे राहिला. प्रकृती नाजूक, आणि हातात बंदूक घेण्यापेक्षा या मुलाने संगीतच करावे असे आप्तांचे म्हणणे. १८३१ च्या सप्टेंबरात तो जर्मनीतील श्टुटगार्टला असताना वॉर्सा पडल्याची वार्ता त्याला मिळाली. तेथून तो पॅरिसला गेला. त्यानंतर अठरा वर्षे तो जगला, पण पोलंडच्या भूमीवर त्याचे पाऊल पुन्हा पडले नाही.

तिसऱ्या कॉन्चेर्टोचा विचार याच पहिल्या पॅरिसवासातला. घरून येणाऱ्या पत्रांत वडील त्याची विचारपूस करतात. हे वडील जन्माने फ्रेंच, वॉर्सात फ्रेंच शिकवून संसार केलेले. मुलाने आरंभलेले काम तडीस न्यावे अशी त्यांची साधी, गृहस्थी अपेक्षा. मुलगा मात्र त्या कामापासून दूर दूर जात होता. आपल्या आयुष्यात त्याने जेमतेम तीसएक जाहीर कार्यक्रम केले. मोठ्या सभागृहाचा आणि तिकीट काढून आलेल्या गर्दीचा त्याला उबग होता. चरितार्थ चाले तो श्रीमंत घरच्या मुलींना दिलेल्या शिकवण्यांवर आणि प्रकाशकांकडून मिळणाऱ्या मोबदल्यावर. वाद्यवृंदासाठी लेखन हे त्याचे बलस्थान नव्हते, असे त्याच्या पहिल्या दोन कॉन्चेर्टोंवरूनही टीकाकार म्हणत आले आहेत; त्यात तथ्य आहे. वीस-पंचवीस जणांच्या दिवाणखान्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात, हलक्या हाताने वाजवणे हेच त्याचे खरे क्षेत्र ठरले. तेथे वाद्यवृंदाला जागा कोठली?

कॉन्चेर्टो का राहिला याचे एवढे व्यावहारिक उत्तर पुरेसे आहे. पण त्याला आणखी एक पदर आहे. मायदेशी परतल्यावर, स्वतंत्र झालेल्या वॉर्सातील पहिल्या कार्यक्रमात, आपण हीच रचना प्रथम वाजवू, असे शोपँ म्हणाल्याची आठवण त्याच्या एका पोलिश स्नेह्याच्या नावावर सांगितली जाते. अशा आठवणी देशभक्तीच्या भरात थोड्या रंगवल्या जातात हे आपणही जाणतो. आपल्याकडील थोरांच्या आठवणींचे खंड काही कमी नाहीत. तरीही ही आठवण त्या रचनेच्या स्वभावाशी जुळते. हे उंबरठ्यावर थांबून विचारपूस करणारे संगीत नव्हे. सभा भरली आहे, लोक उभे आहेत, कोणाचे तरी स्वागत चालले आहे, अशा थाटाचा त्याचा आरंभ आहे. प्रकाशनाच्या वेळी तो समारंभ कोठेच नव्हता. १८३५ मध्ये शोपँने फ्रेंच नागरिकत्व स्वीकारले होते. त्याच वर्षी कार्ल्सबाडला आईवडिलांची भेट झाली, ती अखेरची. १८४१ साल उजाडेतो परतीची वाट बंद झाल्याचे त्याला पुरते उमगलेले असणार.

त्या वर्षी त्याने ती जुनी बाडे बाहेर काढली. अपुरी रचना पेटीत ठेवून देणे सोपे होते. तिच्यातील दोन-चार चांगल्या ओळी उचलून एखादे नवे नॉक्टर्न करणेही सोपे होते. त्याने दोन्ही केले नाही. वृंदाची प्रस्तावना, वादकाचा प्रवेश, वृंदाचे मधले हस्तक्षेप, पुन्हा वादकाची धाव, हा खंडाचा सगळा आराखडा त्याने तसाच ठेवला आणि केवळ वृंद काढून घेतला. म्हणजे घराच्या भिंती होत्या तेथेच आहेत, दारे-खिडक्याही जागच्या जागी आहेत. फक्त माणसे नाहीत, आणि त्या सर्वांच्या वाटचे बोलणे एकाच माणसाने बोलायचे आहे.

रचना ए मेजर या स्वरसप्तकात आहे. आपल्या पेटीवर पांढरी सहा हा षड्ज धरून बिलावल थाटाचे स्वर वाजवले तर तिचा मूळ पाया सापडेल. चाल भारदस्त, वाजवण्यास बारा ते पंधरा मिनिटे लागतात. आरंभीचा लांबलचक भाग ऐकताना सरावलेल्या कानाला चटकन जाणवते की हे पियानोचे बोलणे नाही. दोन्ही हात भरगच्च स्वरसंघात पेलत आहेत. खालच्या पट्टीत जणू मोठी तंतुवाद्ये आहेत, मध्येच शिंगे फुंकल्याचा भास आहे. आणि मग ते सारे ओसरते. एक क्षण रिकामा जातो. त्यानंतर जो सूर येतो तो खास शोपँचा. नक्षीदार, लवचिक, गळ्यातून निघाल्यासारखा. वास्तविक वाद्य तेच, वादकही तोच, आणि दुसरे कोणी आलेले नाही. तरीही कोणीतरी आता प्रवेश केला, असे स्पष्ट वाटते. एकाच माणसाने आधी समाज व्हायचे आणि मग त्या समाजासमोर उभा राहणारा एकटा व्हायचे, ही कामगिरी या रचनेने वादकावर सोपवली आहे. तिच्या अवघडपणाचे मूळ बोटांच्या चपळाईपेक्षा या दुहेरी भूमिकेत अधिक आहे. क्लाउदिओ आराउसारख्या श्रेष्ठ वादकाने ती ध्वनिमुद्रित केली आहे. ते ध्वनिमुद्रण ऐकताना या दोन भूमिकांचे दोन वेगळे वजन कानांना कळते.

दोष नाहीत असे नाही. काही ठिकाणी ते वृंदाचे ओझे पियानोला खरोखरच पेलत नाही आणि स्वरांची गर्दी होते. मधल्या भागातील धावपळ तरुण वयातल्या करामतीची आठवण देते. १८४१ चा परिपक्व शोपँ ते नव्याने लिहिता तर इतके पसरट लिहिता ना. विशीतले आणि तिशीतले अशी दोन हस्ताक्षरे एकाच कागदावर दिसतात. 'कॉन्चेर्टोचा पहिला खंड' हा तिचा स्वभाव शूमानने तेव्हाच ओळखला होता. स्वतः शूमानही अशाच वाटेने गेलेला. त्याने १८३६ मध्ये लिहिलेली एकट्या पियानोची एक रचना प्रकाशकाने 'वाद्यवृंदाविना कॉन्चेर्टो' अशा नावाने छापली. पुढे १८५३ मध्ये तिच्यात फेरफार होऊन ती सोनाटा म्हणून पुन्हा निघाली. ब्राम्सचा प्रवास नेमका उलटा. दोन पियानोंसाठी १८५४ मध्ये आरंभलेली त्याची रचना सिंफनी होता होता अडखळली आणि अखेर १८५९ मध्ये पियानो व वृंद यांचा कॉन्चेर्टो म्हणून लोकांसमोर आली. कलाकृती कोणते शरीर धारण करील हे तिच्या कर्त्यालाही आधी ठाऊक नसते, याचे त्या पिढीत असे अनेक दाखले आहेत. शोपँच्या बाबतीत फरक इतकाच की त्याने नवे शरीर दिले, पण जुन्या शरीराची पोकळी बुजवली नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर दिले ते एका परक्या वाद्याने. शोपँची ही रचना प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, त्याच पॅरिस शहरात, अलेक्सांद्र दबँ नावाचा कारागीर हार्मोनियमची घडण सिद्ध करीत होता. पुढील काही दशकांत ते वाद्य हिंदुस्थानात आले. येथे त्याला हाताचा भाता मिळाला, मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या उंचीला ते उतरले आणि 'पेटी' या घरगुती नावाने ते कीर्तनापासून नाटकापर्यंत सर्वत्र शिरले. त्याचे स्थान साथीचे. गायक गातो, पेटी मागून येते. अशा या वाद्याला स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. भास्करबुवा बखल्यांच्या गायनाला साथ करता करता त्यांनी त्या गायनाचा मर्मज्ञ अभ्यास केला आणि गायक समोर नसतानाही गायकीची सारी बैठक पेटीवर उभी करून दाखवली. साथीदाराने मुख्य गायकाची उणीव पोटात घेऊन स्वतंत्र बोलू लागणे, ही शोपँच्या कृतीची उलटी बाजू. तेथे एकल वादकाने साथीला सामावले, येथे साथीदाराने गायकाला. या पेटीला आकाशवाणीने १९४० मध्ये दाराबाहेर ठेवले आणि १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. ज्या वाद्यावर महाराष्ट्राचे निम्मे संगीत पोसले त्याला तीस वर्षे ओटीवर बसवून ठेवण्याचा हा प्रकार एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गंगाखेडच्या बाजूस वा जिंतूर-सेलूच्या पट्ट्यात भजनाला बसलेल्या कोणाही पेटीवाल्याला या गोष्टीत नवल वाटणार नाही. टाळकरी कमी आले, धरकरी आलेच नाहीत, मृदंगवाला दुसऱ्या गावी अडकला, अशा रात्री तो काय करतो? ज्या जागी दहा गळ्यांनी धृपद उचलायचे तेथे तो भाता जोराने ओढतो, दोन्ही सप्तके दाबतो आणि ती जागा भरतो. भरलेली नाही हे त्यालाही कळते, ऐकणाऱ्यांनाही कळते. धृपदाची जागा मात्र तो चुकवीत नाही.

अपूर्णतेशी आपल्या रंगभूमीचे नातेही जुने आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आले ते तीन अंकांनिशीच. पाच अंकी पूर्ण नाटक पुढील वर्षी झाले. त्यांचे 'रामराज्यवियोग' मात्र तीन अंकांवरच थांबले, आणि १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले. त्या तीन अंकांचेही प्रयोग झाले, लोकांनी ते पाहिले. उरलेले अंक कोणी लिहून द्यावेत म्हणून प्रेक्षक अडून बसले नाहीत.

शोपँच्या वाट्याला मात्र पूर्ती करून देणारे आले. जर्मन संगीतकार निकोडे याने एकोणिसाव्या शतकात या रचनेला वाद्यवृंद जोडला आणि काही भाग पदरचाही घातला. विसाव्या शतकात पोलंडच्या विल्कोमिर्स्कीने तसाच प्रयत्न केला. पुढे ॲलन कोगोसोव्स्की या वादकाने तर शोपँच्याच दुसऱ्या दोन रचनांना वृंदाचा पेहराव चढवून, त्यांना दुसरा आणि तिसरा खंड ठरवून, संपूर्ण 'तिसरा कॉन्चेर्टो'च सिद्ध केला; १९९९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तो वाजला. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. शोपँचा वृंद कसा वाजला असता ही जिज्ञासाही स्वाभाविक आहे. पण या पूर्तीकारांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही असे मला वाटते. १८४१ मध्ये शोपँने अपुरे काम छापले नाही. त्याने एक निर्णय छापला. वृंद हवा असता तर तो लिहिण्यास त्याला पॅरिसमध्ये कोणी अडवले नव्हते. वृंदाचे काम पियानोने करताना जी दमछाक होते, जो पोकळ प्रतिध्वनी उमटतो, तो या रचनेच्या अर्थाचा भाग झाला आहे. तेथे खरी शिंगे आणि खरी तंतुवाद्ये आणून बसवली की ऐकायला गोड वाटते, पण सभा भरल्याचे एक सुखद असत्य तयार होते. ती सभा भरली नव्हती, हेच तर या रचनेचे म्हणणे आहे.

घराबाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील जुन्या पिढीला ऐकून नव्हे तर सोसून ठाऊक होते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजामी राज्यातला परभणी जिल्हा नाही. त्यापुढील तेरा महिन्यांत येथील किती कुटुंबे रझाकारांच्या भयाने सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आणि अन्यत्र गेली, किती तरुण सीमेवरच्या छावण्यांतून लढले, त्याच्या हकिगती गावोगाव सांगितल्या जात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली आणि ती माणसे परत आली. घरे जळालेली असतील, गोठे रिकामे असतील. परंतु गाव जागच्या जागी होते आणि गावाचे नावही तेच होते. आपला वनवास तेरा महिन्यांचा ठरला, हे आपले भाग्य. प्रत्येकाच्या वनवासाला असा सतरा सप्टेंबर लाभत नाही.

याचे उदाहरण शोधायला पोलंडला जाण्याचीही गरज नाही. आपण तेरा महिने सोसत होतो त्याच वेळी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडमधील निर्वासितांची एक वसाहत नांदत होती. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड पुन्हा एकदा वाटून घेतला. पूर्वेकडील लाखो लोकांना रशियाने सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. त्यांपैकी जे जगले ते पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे बाहेर पडले, आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार माणसे, त्यात बहुतांश स्त्रिया आणि मुले, पंचगंगेच्या परिसरात येऊन राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके आणि लोकनृत्ये होत. त्या काळात जर्मनांच्या ताब्यातील पोलंडमध्ये शोपँचे संगीत जाहीरपणे वाजवण्यास मनाई होती. वॉर्सातील त्याचा पुतळा जर्मनांनी ३१ मे १९४० रोजी सुरुंग लावून उडवला. तो पुन्हा उभा राहण्यास १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या शहरात परतून ही रचना वाजवण्याचे शोपँने मनाशी योजले होते, त्या शहरात काही वर्षे त्याचे नाव घेण्याचीही चोरी होती, आणि त्याचे देशबांधव पंचगंगेच्या काठी संसार मांडून बसले होते.

महायुद्ध संपले, पोलंडचा नकाशा नव्याने आखला गेला, आणि यांपैकी अनेकांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. परतायचे तर कोठे? १९४८ पर्यंत वळिवड्याची छावणी मोडली. काही पोलंडला गेले. पुष्कळजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले. वॉर्सात आज वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि भारताच्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे पुष्पचक्र वाहिले. मराठी गावाचे नाव ज्या शहराने असे जपून ठेवले, त्याच शहरातील होली क्रॉस चर्चच्या एका खांबात शोपँचे हृदय आहे. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी तो पॅरिसला वारला. देह तेथेच पुरला गेला, हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे बहीण लुडविकाने वॉर्साला नेले. १९४४ च्या उठावात ते तेथून हलवावे लागले आणि १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, त्याच्या पुण्यतिथीस, ते पुन्हा मूळ जागी आणण्यात आले.

ज्या कार्यक्रमासाठी ही रचना योजली होती तो झाला नाही. मग ती अर्पण तरी कोणाला करायची? शोपँने ती कोणा राजाला, सरदाराला वा पोलिश पुढाऱ्याला वाहिली नाही. अर्पणपत्रिकेवर नाव आहे ते फ्रीडरिका म्यूलर या त्याच्या विद्यार्थिनीचे. १८१६ साली जन्मलेली ही मुलगी १८३९ मध्ये व्हिएन्नाकडून पॅरिसला आली, सुमारे दीड वर्ष शोपँजवळ शिकली आणि त्याच्या सर्वांत आवडत्या शिष्यांत गणली गेली. त्या शिकवण्यांविषयी तिने घरी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. वृंदाचा आणि एकट्याचा असा दुहेरी भार ज्या दोन हातांनी उचलावा असे गुरूला वाटले ते हात तिचे होते. वादक म्हणून तिची कारकीर्द फार काळ चालली नाही. १८४९ मध्ये, म्हणजे गुरू गेला त्याच वर्षी, तिने व्हिएन्नातील नामांकित पियानो-कारखानदार श्ट्रायखर याच्याशी विवाह केला आणि ती त्या घरची झाली. लिस्ट तिला थट्टेने एका वेगळ्याच नावाने हाक मारीत असे: 'कुमारी क्रमांक सेहेचाळीस'.